जिवंत मुद्देमाल

कासवाला सर्दी होते आणि त्या सर्दीनं ते मरतं, एवढी एक गोष्ट प्राधिकरणाला पटवून देण्यात डॉ. केतकी खरपडेचा अख्खा जून महिना गेला.

आधी तिनं पत्र लिहिलं. मग फोटो पाठवले. नाकातून फेस येणारं, मान ताणून, तोंड उघडं टाकून श्वास ओढणारं कासव. त्यावर उत्तर आलं, 'मुद्देमालाच्या प्रकृतीचा तपशील विहित नमुन्यात सादर करावा.' तसा सादर केला, तर पोर्टलनं तो परत पाठवला. 'रक्तदाब' हा रकाना रिकामा होता. शेवटी केतकीनं फोन लावला.

"अहो, कासवाचा रक्तदाब कोण घेतं?"

"मॅडम, तो रकाना सस्तन प्राण्यांसाठी आहे," पलीकडून तुषार देवस्थळी म्हणाला. वन्यजीव व्यापार नियंत्रण प्राधिकरणाचा हा तरुण अधिकारी स्वभावानं वाईट नव्हता. फक्त त्याच्या हातात काहीच नसायचं. "पण तो अनिवार्य ठेवलाय. तुम्ही शून्य टाका."

"शून्य टाकलं तर ते मेलेलं धरतील."

"मग एक टाका."

केतकीनं फोन ठेवला आणि दोन दिवस विचार करून, दात-ओठ खात, प्रत्येक कासवापुढे एक टाकला.

कसारा घाटाच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की कातळवाडीचं वन्यजीव निवारा केंद्र लागतं. जखमी घारी, विहिरीत पडलेली बिबट्याची पिल्लं, कुणीतरी पाळून कंटाळलेली माकडं, असं सगळं तिथं येई. आणि येई तो मुद्देमाल. विमानतळावर, बंदरावर, हायवेच्या नाक्यावर पकडलेला चोरटा जिवंत माल. कोर्टात खटला उभा राही, तारखा पडत, आणि माल केंद्रात वाट बघत बसे. या खेपेला कासवं होती. एका प्रवाशाच्या बॅगेत, एकेक कासव एकेका मोज्यात कोंबून, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. पाठीवर काळ्या जमिनीत पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेली ही तारांकित कासवं परदेशात शोभेची म्हणून दिवाणखान्यात ठेवतात. मुळात ती रखरखीत माळरानाची. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांची फुप्फुसं कुजतात. केतकीनं दिवे लावले, हवा कोरडी करणारी यंत्रं लावली. वीज गेली की सगळं थंड पडे आणि सकाळी एखादं कासव पाय सैल सोडून पडलेलं असे.

त्यांना त्यांच्या मुलखात परत पाठवणं हाच एक इलाज होता. पण त्यांचा मुलूख कोणता?

पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे. पकडलेली कासवं दिसेल त्या माळावर सोडून देत. त्यात दोन अनर्थ झाले. गुजरातच्या कासवांत आंध्रचं रक्त मिसळलं, आणि पिंजऱ्यातले रोग रानात गेले. म्हणून नवा नियम आला. पकडलेला प्राणी जिथला तिथंच जायला हवा, आणि जन्मापासून तो कुठं कुठं राहिला त्याचा सलग माग लागायला हवा. मधे एक वर्षही अंधारात असेल तर तो रोगट असू शकतो, म्हणून रानात जाणं नाही.

हा माग लावायला वलयदर्शक नावाचं यंत्र निघालं. केतकीनं त्याचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि ते चालवण्याचा परवाना या भागात तिच्या एकटीकडे होता.

कासवाच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर दरवर्षी एक नवं वलय चढतं, झाडाच्या खोडात चढतं तसं. ते वलय त्या वर्षी कासवानं जे पाणी प्यायलं, जे खाल्लं, त्यातूनच बनतं. पावसाच्या पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो. समुद्राजवळच्या पावसात तो जास्त, आत आत जावं तसा कमी. मातीतून, चाऱ्यातून स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य अंगात जातं. त्याचे हलके-भारी प्रकार कोणत्या प्रमाणात मिळतात ते खडकाच्या वयावर ठरतं. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट तसा तरुण, रायलसीमेचा ग्रॅनाईट त्याच्यापुढे पणजोबा. दोघांची खूण वेगळी पडते. यंत्र लेझरच्या केसाएवढ्या किरणानं खवला मधून कडेपर्यंत वाचत जातं. कासवाला कळतसुद्धा नाही. मग वाचलेल्या खुणा देशाच्या नकाशाशी ताडून यंत्र सांगतं, पहिली चार वर्षं अमुक तालुका, पुढलं एक वर्ष तमुक. केंद्रातली माणसं त्याला जोशीबुवा म्हणत. कुंडली मांडतो म्हणून.

जोशीबुवांनी निम्म्या कासवांच्या कुंडल्या सरळ मांडल्या. आंध्रचा अनंतपूर जिल्हा, जन्मापासून तिथंच, परतपात्र. उरलेल्यांच्या बाबतीत मात्र यंत्र अडखळलं. आधी अनंतपूर. मग एक अरुंद, खंगलेलं वलय, आणि त्यापुढे शेरा: 'नकाशाशी जुळत नाही.' त्यानंतर पुन्हा अनंतपूर, चार रुंद, भरघोस वलयं. मग मोजा आणि चिकटपट्टी.

केतकीनं त्या अरुंद वलयाचे आकडे पडद्यावर मोठे केले. पाण्याची खूण किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या पावसाची होती. स्ट्रॉन्शियम बेसाल्टचं. पण त्यात समुद्राच्या स्ट्रॉन्शियमची भेसळ होती, आणि चारा म्हणाल तर नुसता कोबी. बेसाल्टच्या मुलखात, कोबी खाऊन समुद्राचं स्ट्रॉन्शियम कसं मिळेल? यंत्राला उमगेना. त्याच्या नकाशात अशी जागाच नव्हती.

केतकीला मात्र उमगलं. कासवांच्या कवचाला चुना मिळावा म्हणून कोबीवर शिंपल्यांची भुकटी भुरभुरायची ही पद्धत तिनंच पाडली होती. भुकटी मुरुडहून यायची. सबंध राज्यात असं खाणं कासवांना एकाच ठिकाणी मिळत होतं. ती बसली होती त्या खोलीच्या मागच्या शेडमध्ये.

ही कासवं पूर्वी इथं येऊन गेली होती.

*

केंद्र ज्यांनी उभं केलं ते यशवंत गोडांबे, म्हणजे भाऊ, शेडच्या पायरीवर बसून निवडुंगाच्या फडांवरचे काटे खरवडत होते. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या ओसाड जागेवर पहिला पिंजरा बांधला होता. जव्हारच्या आश्रमशाळेतून शिकून पशुवैद्य झालेल्या केतकीला बिबट्या कसा धरायचा हे त्यांनी शिकवलं. तिची मुलगी इरा त्यांना आजोबा म्हणे, आणि त्यांच्यावर सख्ख्या आजोबांपेक्षा जास्त हक्क गाजवी.

"भाऊ, इराच्या वेळी मी रजेवर होते, त्या पावसाळ्यात किती कासवं मेली?"

"लिहिलेलं असेल की."

"लिहिलेलं नाही विचारत. मेली किती?"

भाऊंची सुरी थांबली नाही. "जोशीबुवांनी काय सांगितलं?"

केतकीनं सांगितलं. भाऊंनी फड परातीत टाकला आणि दुसरा उचलला.

"रोज एक मरत होतं, केतकी. तू नव्हतीस. पोरं रात्रंदिवस शेकोट्या करून बसायची. मी पत्रं लिहिली, मंत्रालयात गेलो. एक जण म्हणाला, आंध्रची परवानगी आणा. आंध्रवाले म्हणाले, महाराष्ट्राचं पत्र आणा. मल्लेश म्हणून एक ट्रकवाला नारळ घेऊन हायवेनं यायचा, तिकडचाच. त्याच्या रिकाम्या ट्रकमधून दिली पाठवून. इथं लिहिलं, मेली, पुरली." त्यांनी वर पाहिलं. "आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाठवीन."

"कुठं सोडली त्यानं?"

"त्याच्या गावाबाहेर एक देऊळ आहे, त्याच्या विहिरीपाशी. पाणी होतं म्हणून."

"सगळी एकाच जागी?"

"मग काय एकेक पोचवत फिरेल तो?"

"भाऊ, कासव फार लांब जात नाही. कुणीतरी परडीत काढून ठेवावीत तशी ती तिथं बसली होती. चोरांना शोधायलासुद्धा लागलं नाही." तिचा आवाज चढला. "तीच आहेत ही! तुम्ही वाचवलेली. दुसऱ्यांदा पकडून, मोज्यात घालून, परत आपल्याकडे आलीयत."

सुरी थांबली. बराच वेळ भाऊ शेडमध्ये दिव्याखाली पडलेल्या कासवांकडे बघत राहिले. ओळख पटते का ते पाहावं, तसं.

"मोकळी किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"चार पावसाळे. वलयं चांगली रुंद आहेत. मस्त वाढली होती."

भाऊंनी मान हलवली. मग एकदम उठून सुरी पुसली आणि त्यांचा आवाज खात्यातला झाला. "'अनिर्णित' लिहून टाक. यंत्रालाच कळत नाही म्हटल्यावर तुला कळायची काय गरज?"

"अनिर्णित लिहिलं तर मधलं वर्ष अंधारात राहील. ती परत जाणार नाहीत. इथंच मरतील."

"आणि नाव लिहिलंस तर केंद्राचा परवाना जाईल! घारी, पिल्लं, ते एका डोळ्याचं माकड, त्यांना कोण घेणार? तू घेशील घरी? मला आत टाकतील त्याचं सोड. या जागेचं काय?"

"भाऊ, दोन्हीकडून मीच का मारायचं?"

"यंत्राचा परवाना तुझ्याकडे आहे म्हणून," भाऊ म्हणाले, आणि परात तिथंच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इराला शाळेच्या बसमध्ये बसवून केतकी थेट यंत्राच्या खोलीत गेली. रात्रीत आणखी एक कासव गेलं होतं. 'तज्ज्ञाचा अभिप्राय' या रकान्यात तिनं केंद्राचं नाव लिहिलं, शिंपल्याच्या भुकटीचं स्पष्टीकरण लिहिलं, आणि अंगठा लावला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: 'माग पूर्ण. परतपात्र.'

तिला वाटलं होतं, निदान आता तरी सुटेल हा तिढा.

*

भाऊंना अटक झाली आणि वयामुळे चार दिवसांत जामीन मिळाला. अटी दोन होत्या. जिल्हा सोडायचा नाही आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची. केंद्राचा परवाना गेला नाही, पण वर अभिरक्षक म्हणून प्राधिकरणाचा माणूस बसला. तो माणूस म्हणजे तुषार देवस्थळी. केंद्रातल्या माणसांनी केतकीशी भांडण केलं नाही. त्यांनी फक्त तिला चहाला हाक मारणं बंद केलं. ती शेडमध्ये शिरली की बोलणं थांबे आणि खराटे जोरात चालू होत. इरा रोज विचारी, आजोबा का येत नाहीत? केतकी म्हणे, कामात आहेत.

हे सगळं ती सोसत होती, कारण कासवं जाणार होती. पिंजरे भरायला घेतले, आंध्रच्या वनखात्याचं होकाराचं पत्र आलं, आणि त्याच दुपारी तुषार तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडावरूनच तिनं ओळखलं.

"मॅडम, एक अडचण आहे."

"बोला."

"तस्करीच्या खटल्यातून कासवं मोकळी झाली. पण तुमच्या अभिप्रायामुळे दुसरा खटला उभा राहिला. गोडांबेसाहेबांवरचा. ज्यांचा माग सरळ लागला ती निम्मी जातील, पण त्या खटल्यात उरलेली कासवं पुरावा आहेत. त्यांच्या कवचात पुरावा आहे ना... त्यामुळे निकालापर्यंत ती हलवता येणार नाहीत."

"म्हणजे मी सही केली नसती तर ती जाऊ शकली नसती."

"बरोबर."

"आणि मी सही केली म्हणून ती जाऊ शकत नाहीत."

तुषारनं मान खाली घातली. "तांत्रिकदृष्ट्या, हो."

टेबलावरची फाइल केतकीनं भिंतीवर भिरकावली. कागद खोलीभर झाले. "गुन्हा माणसानं केला, त्याला जामीन मिळाला. कासवांनी काय केलं हो? त्यांना जामीन कुठाय? निकाल कधी लागणार? पाच वर्षांनी? तोवर कवचं उरतील नुसती, ती ठेवा कोर्टात मांडून! कुणी केलेत हे नियम? एकदा तरी कासव पाहिलंय का त्यानं?"

"नियम मी नाही केले, मॅडम."

"ठाऊक आहे मला. कुणीच केलेले नसतात."

तुषार खाली बसून कागद गोळा करू लागला. थोड्या वेळानं केतकीही बसली. कागद लावता लावता तो हळूच म्हणाला, "वकिलाला विचारा. आमच्या पोर्टलवर वाट नाही. कोर्टात असेल."

*

अ‍ॅडव्होकेट रुक्साना मुकादम भाऊंचा खटला चालवत होत्या. तालुक्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. केतकी आली तेव्हा त्यांनी आधी तिला नीट न्याहाळलं. ज्या साक्षीदारावर आपल्या अशिलाविरुद्धचा सगळा खटला उभा आहे, तीच समोर येऊन बसलेली.

"तुम्ही माझ्याकडे यायला नको खरं तर, डॉक्टर."

"कासवं मरतायत."

"हं." बाईंनी चष्मा काढला. "वाट आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केलं, की यंत्रानं जे वाचलं तोच पुरावा धरावा, प्रत्यक्ष कासवाची गरज नाही, तर न्यायाधीश कासवं सोडू शकतात. सरकारी वकील तयार होतील. तयार व्हायचंय ते भाऊंना. आणि मी त्यांना तसं करू देणार नाही."

"का?"

"कारण त्यांचा बचाव तेवढाच आहे. यंत्र नवीन. त्यानं स्वतःच सांगितलं, जागा जुळत नाही. जागा तुम्ही सांगितली. एका बाईच्या सांगण्यावर आणि एका भुकटीवर खटला उभा आहे. मी म्हणणार, फेरतपासणी करा, दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या तज्ज्ञाकडून. त्यात वर्षं जातील. भाऊ सत्तरी उलटलेले. कळतंय ना? पण कासवं सोडली की फेरतपासणी कशाची करणार? यंत्राचं वाचन त्यांनी मान्य केलं, की गुन्हाच कबूल केला. तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही या कलमात."

केतकी जिना उतरून खाली आली आणि झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिली. तिला काय हवं होतं तेच तिला कळेनासं झालं. भाऊ सुटावेत, तर कासवं अडकावीत. कासवं सुटावीत, तर भाऊ. दोघांना एकाच दोरीनं बांधून ती दोरी आपल्या हातात देणाऱ्या साऱ्या व्यवस्थेचा तिला एवढा संताप आला, की दुकानदारानं 'काय काढायचंय ताई?' विचारल्यावर ती त्याच्यावरच खेकसली.

पुढल्या आठवड्यात, हजेरी लावून परतताना भाऊ तिच्या घरी आले. इरा त्यांच्या पायाला जी चिकटली ती सुटेना. तिला मांडीवर घेऊनच त्यांनी विचारलं, "या आठवड्यात किती गेली?"

"दोन."

"मुकादमबाईंनी सांगितलं, तू येऊन गेलीस ते. उद्या हरकत नाही म्हणून लिहून देतोय. वाचन मान्य."

"नाही, भाऊ." केतकी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "ऐका माझं. फेरतपासणी मागा. मला साक्षीला बोलावलं की मी सांगेन, शंभर टक्के खात्री नाही. शिंपल्याचा चुना आणखी कुणी वापरत असेल. मी चुकले असेन."

"चुकलीस का?"

केतकीनं इराच्या फ्रॉकची सुटलेली नाडी बांधायला घेतली.

"तुला खोटं बोलता येत नाही, केतकी. रक्तदाब एक टाकायला तुला दोन दिवस लागले. भर कोर्टात काय बोलणार तू?" ते हसले, पण लगेच त्यांचं हसू मावळलं. "तुझा राग आला होता मला. खोटं कशाला सांगू, अजून आहे थोडा. पण मी रात्री झोपत नाही तो तुझ्यामुळे नाही. ती विहिरीजवळ बसली होती, केतकी. पाणी असलेली जागा बघ म्हणून मीच सांगितलं होतं मल्लेशला. मला वाटायचं, लांब कुठं तरी मजेत असतील. पाच वर्षं मी त्याच समाधानावर जेवलो."

"तुम्ही त्यांना वाचवलंत. चार वर्षं मोकळी राहिली."

"मग आता पुढची वर्षं द्यायची. या वेळी नीट, तुझ्या नियमानं."

"माझा नियम नाही तो!"

"बरं, त्या तुषारच्या नियमानं." त्यांनी इराला मांडीवरून उतरवलं. "मी चोरून पाठवली, ती परत आली. आता उजेडात जाऊ देत. त्यासाठी मला आत जावं लागत असेल तर जाऊ. तिथं निदान पोर्टल तरी नसेल."

कोर्टात फार वेळ लागला नाही. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, मग चष्म्यावरून भाऊंकडे पाहिलं. "याचा परिणाम काय होईल, ते वकिलांनी समजावलंय ना तुम्हाला?"

"समजावलंय, बाईसाहेब. चांगलं तासभर समजावलंय."

मुकादमबाई कागदात तोंड खुपसून बसल्या होत्या.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

"कासवं कधी जातील, तेवढं सांगा."

न्यायाधीशबाईंनी त्याच दिवशी आदेश दिला, आणि त्यात आपल्या हातानं एक ओळ वाढवली. कासवं वेगवेगळ्या ठिकाणी, विखरून सोडावीत आणि जागा कुठंही प्रसिद्ध करू नयेत.

*

ऑक्टोबरात, उन्हं तापू लागल्यावर, केतकी अनंतपूरच्या माळावर उभी होती. लांबवर गोल गोल ग्रॅनाईटचे धोंडे एकावर एक चढलेले, मधे खुरटी झुडपं, हवेत ओलाव्याचा मागमूस नाही. दोन दिवस ती, तुषार आणि तिथले दोन वनरक्षक जीपमधून फिरत होते. एका ओढ्याकाठी दोन, पुढे टेकडीआड तीन, असं करत पिंजरे रिकामे होत आले.

तुषार प्रत्येक ठिकाणी मोबाइल धरून गुडघ्यावर बसे. पोर्टलला पुरावा लागे: प्राणी स्वतःच्या पायांनी, न थांबता, चालत जाताना दिसला पाहिजे. मधे थांबला तर यंत्रणा चित्रफीत नाकारी. कासवं थांबत. दहा पावलं टाकून थांबत, गवताचं पातं खात, पुन्हा डोकं आत घेत. तुषारचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

शेवटचं कासव म्हातारं होतं. ते खाली ठेवलं तसं आत शिरून बसलं. वनरक्षक बिड्या ओढत सावलीला गेले. अर्धा तास गेला. तुषारनं जागा बदलली, पुन्हा बदलली. ऊन पडद्यावर चमकतं म्हणून त्यानं पाठ फिरवून मोबाइल पुसला, आणि वळून पाहतो तर जागा रिकामी. झुडपांत कुठं पानही हलत नव्हतं.

"मॅडम! कुठं गेलं?"

केतकीनं ते जाताना पाहिलं होतं. मान पुढे काढून, दगडाला वळसा घालून, घाई असल्यासारखं. तिनं काही सांगितलं नाही.

"आता मी काय लिहू?" तुषार रडकुंडीला आला. "दिसलंच नाही ते!"

"दिसेनासं झालं, असं लिहा," केतकी म्हणाली. "त्याच्यासाठीच तर आणलं होतं."

तुषारनं मोबाइल खिशात टाकला, खाली बसला आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

जीपपाशी येऊन केतकीनं भाऊंना फोन लावला. निकाल अजून लागायचा होता, पण काय लागणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवार होता. पलीकडून माणसांचा गलका, कुणाच्या तरी वायरलेसची खरखर ऐकू आली.

"ठाण्यात आहे," भाऊ म्हणाले. "तासभर रांगेत बसलोय. साहेब जेवायला गेलेत. बोल."

"गेली, भाऊ."

"सगळी?"

"सगळी. विखरून सोडली. एकाचं तोंड दुसऱ्याला दिसणार नाही."

भाऊ उठून दाराशी आले असावेत, पलीकडचा गलका कमी झाला.

"ऊन आहे ना तिथं?"

"कडक आहे. अंग भाजतंय नुसतं."

"छान," भाऊ म्हणाले. "छान झालं." मागून कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं, मोठ्यांदा, चुकीच्या उच्चारात. "थांब हं, मला बोलावतायत," ते म्हणाले, आणि फोन चालूच ठेवून सही करायला गेले.